आधी कोड पुस

४ तारीख, बुधवार

दादा,

अक्षर ओळखून पाकीट फाडू नकोस. फाडायचंच असेल तर वाचून फाड. तू माझा नंबर अडवून ठेवलायस म्हणून ही वेळ आली, नाहीतर आजकाल पत्र लिहितं कोण? पोस्टातल्या बाईने तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बैलगाडीचं तिकीट मागतेय.

माया उतू चाललीय असं समजू नकोस. कामासाठीच लिहितेय. मला भीती वाटतेय, दादा.

आमच्या गाडीत लाल त्रिकोण पेटलाय. तीच गाडी, अर्धी पेट्रोलवर नि अर्धी बॅटरीवर चालणारी, जिच्यावरून तुमचं दोघांचं वाजलं. जेवता जेवता तू गॅरेजवाल्याच्या तोऱ्यात म्हणालास, या गाडीला घरी हात लावायचा नाही. हे म्हणाले, मी वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, मला वीज शिकवू नका. मग तुझी जीभ घसरली. "लिफ्ट वर जाते नि खाली येते, तुमचं डोकंही तेवढंच जातं!" आणि हे म्हणाले, "पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नका." तू हात न धुता निघून गेलास, आणि मी ताटं उचलत बसले. माझ्यावर तुझा राग त्याचाच आहे, माहीत आहे मला. तो राग ठेव बाजूला, पुढचं ऐक.

ह्यांनी बाजारातून कोड वाचायचं यंत्र आणलंय, काडेपेटीएवढं. स्टिअरिंगच्या खाली एक खाच आहे, तिच्यात खुपसलं की गाडी आपलं दुखणं फोनवर सांगते. ह्यांनी खुपसलं, फोन बघितला, हसले. "सेन्सर आहे, काही नाही," म्हणाले नि फोन खिशात घातला. आता तूच सांग, इतक्या वर्षांच्या संसारात मला एवढंही कळत नसेल का? हे खरंच हसतात तेव्हा आधी नाक हलतं. त्या दिवशी नाक जागच्या जागी होतं.

तेव्हापासून मला गाडी चालवायची बंदी. का, तर "ब्रेक जरा घट्ट करायचेत." काल पार्किंगमध्ये गाडीच्या शेजारी रबराची चटई अंथरलेली दिसली. मी भाजी धुता धुता तशीच खाली गेले होते, तर अंगावर ओरडले, "ओल्या हाताने पत्र्याला शिवू नकोस!" सेन्सरला ओल्या हाताचं काय रे वावडं?

येत्या नाही, पुढच्या रविवारी हे बॅटरी उघडणार आहेत. मागचं सीट काढून, घरच्या पार्किंगमध्ये, एकटे. आतला पंखा कचऱ्याने तुंबलाय म्हणे, तो साफ केला की झालं. गॅरेजचं नाव काढलं की, "ते सगळे तुझ्या भावाचेच भाऊबंद!"

मी काय करू ते चार ओळींत लिही. उत्तर घरी पाठवू नकोस, दुकानाच्या पत्त्यावर पाठव. अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे मी, लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेते. मी तुला लिहिलंय हे ह्यांना कळलं, तर रविवारची वाट न बघता हे हट्टाने त्याच दिवशी बॅटरी उघडतील. तुझं नाव म्हणजे ह्यांना पेट्रोल.

तुझी बुटकी


९ तारीख, सोमवार

दादा,

तुझं पाकीट मिळालं. दुकानाच्या मालकीणबाईंनी हातात देताना विचारलंच, "या वयात प्रेमपत्रं?" म्हटलं, "हो ना, आणि तीही रागावलेली."

मी चार ओळी मागितल्या, तू अडीच दिल्यास. ना प्रिय, ना आशीर्वाद. "आधी कोड पुस. मग मला कळव. तोवर त्याला बॅटरीला हात लावू देऊ नकोस." एवढ्यावर मी मागच्या खोलीत जाऊन, काचा घासायच्या यंत्राआड, पोटभर रडून घेतलं. तुझा "क" अजून तसाच पोट सुटलेला.

आणि ऐक तरी, तू सांगितलंस तसं केलं मी! हे अंघोळीला गेले तशी ह्यांचा जुना फोन, यंत्र आणि किल्ली पदरात लपवली नि खाली पळाले. यंत्र काही खाचेत जाईना. मग कळलं, उलटं धरलंय. गाडीचं बटण दाबलं, फोनवर ॲप उघडलं. नशीब, मराठीत होतं. दोन बटणं समोर: "कोड वाचा" आणि "कोड पुसा". मी "वाचा"कडे ढुंकूनही बघितलं नाही, वाचून मला काय कळणार होतं? सरळ "पुसा" दाबलं. त्याने विचारलं, "नक्की पुसायचे?" मनात म्हटलं, माझ्या दादाने सांगितलंय बाबा, नक्की. दाबलं. लाल त्रिकोण गेला! मी गाडीत बसल्या बसल्या टाळी वाजवली आणि मग कुणी बघितलं का म्हणून घाबरून मान खाली घातली.

संध्याकाळी ह्यांनी बघितलं. "सुंठीवाचून खोकला गेला!" म्हणाले. "दमट हवेने झालं असणार. वाळलं." आणि नाक हललं. इतक्या दिवसांनी खरे हसले. मी मूग गिळून बसले, पण आतून फुलून आले होते.

एकच गोष्ट टोचतेय. ह्यांनी ती रबराची चटई गुंडाळून माळ्यावर टाकली. म्हणाले, "आता गळती नाही, मग भीती कसली? उघड्या हातानेसुद्धा होईल." गळती हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. कसली गळती, दादा? खाली पाण्याचा थेंब नव्हता. विचारलं तर, "तुला नाही कळायचं." आणि रविवारी उघडणार ते उघडणारच. पंखा साफ करायचाच म्हणे.

सुटले असं वाटतंय, आणि तरी ती चटई डोक्यातून जात नाही. मी बरोबर केलं ना? लवकर लिही, नाहीतर सरळ ये.

तुझी बुटकी


१३ तारीख, शुक्रवार

दादा,

पार्सल मिळालं, पत्र मिळालं. वाचून माझा चेहरा इतका उतरला की मालकीणबाईंनी स्टूल पुढे केलं. पित्त झालंय म्हणून सांगितलं.

"अगं बुटके, पुस म्हणजे विचार! गाडीला विचार काय होतंय ते!"

अरे मग विचार लिही ना! वाच लिही! आई म्हणायची, "शेजारी पुसून ये, साखर आहे का," मला आठवत नाही का? पण आई गेल्यावर तसं बोलतं कोण? तूच एक. सगळा जन्म गॅरेजात गेला, तोंडात मात्र अजून आईचीच भाषा. आणि मी दिवसभर काय करते? काचा पुसते, आरसे पुसते, टेबल पुसते. मला पुस म्हटल्यावर फडकंच दिसणार! आणि समोर बटणावर नेमका तोच शब्द. लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारी मी, मला माझ्या भावाचे तीन शब्द वाचता आले नाहीत.

भांडून काय होणार आहे म्हणा. मी पुसला तो पुसला.

तू लिहिलंयस ते माझ्या शब्दांत लिहिते, चुकलं तर सांग, कारण आता माझ्या वाचण्यावर माझा भरवसा नाही. बॅटरीत दोनशेच्या वर व्होल्ट. ती वीज गाडीच्या पत्र्यापासून अलग राहायला हवी. कुठेतरी ती पत्र्याकडे झिरपतेय, हीच ती गळती. कोडाच्या खाली आणखी एक बारीक आकडा असतो. गळती बॅटरीत आहे की पुढे इंजिनापाशी, ते तो सांगतो. मी कोडाबरोबर तोही पुसला. दिवा गेला पण गळती जागेवरच आहे. गाडी पुन्हा स्वतःला तपासेल तेव्हा दिवा लागेल, तो उद्या की आठवड्याने, कुणी सांगावं. तोवर गाडी अगदी साळसूद. आणि एक हात आत नि दुसरा पत्र्यावर पडला, तर ही वीज माणसाला फेकून देईलच असं नाही, धरूनही ठेवते.

म्हणजे ह्यांच्या मनात चटई अंथरण्याइतकी भीती होती, ती मी माझ्या बोटाने पुसली. काल ह्यांना वाढताना ह्यांच्या हाताकडे बघत राहिले. आमटी ताटाबाहेर गेली. "लक्ष कुठे आहे?" म्हणाले. काय सांगू, तुमच्या हाताकडे?

सांगून टाक, असं तू म्हणशील. सांगितलं की पहिला प्रश्न येणार, पुसायला कुणी सांगितलं. मग तू आलास, मग ह्यांचा हट्ट आला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून आडून आडून करून बघितलं. ह्यांचा पाना लपवला, हे शेजाऱ्यांकडून मागून घेऊन आले. रविवारी आत्याकडे जाऊ म्हटलं, "तू जाऊन ये." पोटात दुखतंय म्हणून कण्हले, तर सोडा पाजला आणि झोपवलं. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं.

आणि तू? ये म्हटलं तर लिहितोस, "त्याने बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही." वा रे वा. तुमचा दोघांचा मान सलामत राहू दे, मी मधल्या मध्ये विधवा होते. हे वाक्य खोडणार होते. खोडत नाही, वाच तसंच.

तरी हातमोजे पाठवलेस. जाडजूड, लाल, कोपरापर्यंतचे. "त्याला दे. माझं नाव सांगू नकोस." तुझं हे असं असतं म्हणूनच तुझ्यावर धड रागावताही येत नाही. ते तपासायची रीतही वाचली. मनगटापासून गुंडाळत जायचं, हवा अडकून बोटं फुगतात. हवा सुटली तर मोजा फेकून द्यायचा. तुझे फुगवून बघितले, टम्म राहिले.

पण तुझी शेवटची ओळ वाचून बोबडी वळली. अगदीच ऐकला नाही तर डिकीतला नारिंगी कडीचा, बॅटरीची वीज तोडणारा प्लग तूच ओढून काढ? मी? अरे, मी बल्ब बदलायचा तर अख्ख्या घराचा मेन स्विच बंद करते. मला नाही जमायचं. तूच ये. मी पाया पडते तुझ्या.

तुझी बुटकी


१४ तारीख, शनिवार

दादा,

या डब्यात वर जे ठेवलंय ते हातात घे आणि मग वाच. हो, तोच. नारिंगी कडीचा. त्याच्या खाली गाडीच्या दोन्ही किल्ल्या आहेत.

मी काढला. पाचावर धारण बसली होती, तरी काढला. कालचं पत्र पेटीत टाकल्यावर मलाच कळलं, ते तुझ्या हाती पडेपर्यंत रविवार उलटून जाईल. घरी आले तर ह्यांनी मागचं सीट काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. आज हे केस कापायला गेले, येताना नवा स्क्रू ड्रायव्हर आणणार म्हणून सांगून गेले. आत्ता नाही तर कधीच नाही, असं झालं.

किल्ल्या लांब ठेवायला सांगितल्या होत्यास म्हणून स्वयंपाकघरात ठेवून खाली गेले. खाली गेल्यावर लक्षात आलं, डिकी काय मंत्राने उघडणार आहे? परत वर आले. डिकी उघडली, किल्ल्या पुन्हा वर ठेवल्या, पुन्हा खाली. भीतीने मरायच्या आधी जिन्यानेच मेले असते. घड्याळ काढलं, अंगठी काढली. तुझे मोजे घातले, प्रत्येक बोटाच्या पुढे एकेक पेर रिकामं. सरकव, उचल, ओढ, असं तोंडाने पुटपुटत होते. कडी सरकली. उचलली गेली. ओढताना डोळे मिटले आणि "आई गं!" म्हणून अशी ओरडले की कोपऱ्यातलं मांजर भिंतीवरून पलीकडे गेलं. निघाला प्लग. मग मी तिथेच फरशीवर बसले.

आता माझी अक्कल सांगते. प्लग काढला तरी बॅटरीच्या पोटात वीज राहतेच, असं तूच लिहिलंयस. म्हणजे नुसता प्लग दडवून भागणार नाही. पण प्लगशिवाय गाडी चालू होत नाही. आणि दारं, डिकी बंद असली, किल्ल्या नसल्या, की हे उघडणार काय नि साफ करणार काय? घरात लपवल्या तर शोधून काढतील. म्हणून सगळं तुझ्याकडे. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. तुमची दोघांची नाकं या डब्यात घालून पाठवतेय. गाडी हवी असेल तर ह्यांनी तुला बोलवावं, आणि बहीण हवी असेल तर तू

इथे हे आले. पुढचं जरा वेळाने लिहितेय, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

डबा टेबलावर उघडाच होता. ह्यांनी प्लग बघितला. मग पत्र बघितलं, पहिलाच शब्द "दादा". मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. हे इतक्या हळू बोलले की मी जास्त घाबरले.

"हा कुणी काढला?"

"मी."

"कशाने?"

मी लाल मोजे पुढे केले. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "वेड लागलंय का तुला? मेली असतीस!"

"आणि उद्या तुम्ही काय वेगळं करणार होता, अहो?"

मग सगळं ओकले. दिवा वाळून गेला नाही, माझ्या बोटाने गेला. तुझी पत्रं, दुकानाचा पत्ता, आईचं ते पुसणं, सगळं. तुझ्या नावाने ह्यांनी दोन वाक्यं म्हटली, ती लिहीत नाही, तू म्हणाला असतास तशीच होती. मग म्हणाले, "मोजे घालूनच केलं असतं की मी. माझ्याकडे काय मोजे नाहीत?"

मी ह्यांच्या कामाच्या पिशवीतून ह्यांचे मोजे काढले, लिफ्टवर घालतात ते. तू सांगितलंस तसे गुंडाळले आणि ह्यांच्या गालापाशी धरले. डाव्याच्या अंगठ्यातून हवा सुटली. नुसती फुंकर, पण गालाला लागली. ह्यांनी तो माझ्या हातातून ओढून घेतला, स्वतः गुंडाळला, स्वतःच्या ओठांपाशी धरला. पुन्हा एकदा गुंडाळला. मग खुर्चीत बसले.

"हा मी रोज घालतो," म्हणाले.

मला रागावता येईना. मी म्हटलं, "मला गाडी नको, पंखा नको, दादाचा मान नको नि तुमचाही नको. मला तुम्ही हवे आहात. बास!" असं मी आजवर कधी बोलले नव्हते. दोघंही लाजलो, या वयात.

मग ह्यांनी तुला फोन लावला. हो, ह्यांनी, स्वतःहून. लागला नाही. ह्यांचाही नंबर अडवलायस वाटतं, केवढा तो राग! "बघ तुझा भाऊ," म्हणाले, पण जागचे हलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पत्रात खाली जागा सोड. दोन ओळी मी लिहितो. तू वाचायच्या नाहीत, डबा मीच बंद करणार." मी म्हटलं, शिव्या लिहिणार असाल तर पार्सल जड होईल. हसले नाहीत.

काय लिहायचं ते लिहोत बापडे. बॅटरीला हात लावणार नाही, असं माझ्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलंय. तो हात डोक्यावर होता तेव्हा जड लागला आणि फार बरं वाटलं. ये तू. मी चहा टाकायला उठते.

तुझी बुटकी


मेहुणेसाहेब,

हे तिने वाचलेलं नाही.

लाल दिवा लागला त्याच दिवशी, ही दुकानात असताना, मी बॅटरीचं झाकण उघडलं होतं. कोड वाचला होता, तरी उघडलं. एक हात आत होता, दुसरा पत्र्यावर टेकलेला. हात सुटेना. ओरडायचं होतं, आवाज फुटेना. कसा सुटलो ते मला ठाऊक नाही. भान आलं तेव्हा भिंतीपाशी पडलो होतो. झाकण लावलं, हिच्या येण्याआधी अंघोळ केली.

उजव्या हाताची शेवटची दोन बोटं अजून बधिर आहेत. छातीत मधूनच धडधडतं. पण खरं दुखणं दुसरंच आहे. कामावर लिफ्टचं पॅनेल उघडलं की हात आपोआप मागे येतो. सोबतच्या माणसाला म्हणतो, तू कर, मला कंटाळा आलाय. वीस वर्षांत असं कधी झालं नाही. उद्या बॅटरी उघडणार होतो ती पंख्यासाठी नाही. एकदा हात घालून भीती मोडली की पुन्हा कामाला लागेन, असं वाटलं होतं. आता ते मोजे बघितल्यापासून उठून उभं राहायचीही हिंमत होत नाही.

तुम्ही रोज हेच काम करता. तुम्हाला कधी असा झटका बसलाय का? बसला असेल तर या. गाडीचं नंतर बघू. आधी मला सांगा, हे जातं का.